चिंचोका थांबतो, कोय थांबत नाही

कमी पावसाच्या आमच्या नांदगाव तालुक्यात बी जपून ठेवणे ही कुणाची हौस नव्हे, तो घरोघरचा रिवाज आहे. बिया राखेत घोळायच्या, मडक्यात भरायच्या आणि तोंड शेणामातीने लिंपायचे, हे आमच्या आजीच्या पिढीला कुणी शिकवावे लागले नाही. पण असे जुने मडके उघडले की प्रश्न पडतो, यातले आता काय उगवेल?

ब्रिटिश शास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ साली बियांचे दोन गट सांगितले. एका गटातील बी वाळली की झोपी जाते आणि वर्षानुवर्षे थांबते. दुसऱ्या गटातील बी वाळली की मरते. चिंच आणि बोर पहिल्या गटातली, तर आंबा, फणस आणि जांभूळ दुसऱ्या.

पहिल्या गटाची चिकाटी थक्क करणारी आहे. इस्रायलमधील मसाडा किल्ल्याच्या उत्खननात १९६३ ते १९६५ च्या दरम्यान खजुराच्या बिया सापडल्या. सुमारे दोन हजार वर्षे जुन्या त्या बियांपैकी एकीला २००५ साली कोंब फुटला! दुसऱ्या गटाची कथा नेमकी उलटी. १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझीलहून रबराच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यातल्या उगवल्या जेमतेम सत्तावीसशे.

फळांचा प्रवासही या स्वभावानेच ठरला. आपल्या माळावरचे सीताफळ मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगीज काळात ते इकडे आले, असे सामान्यतः मानतात. त्याची कोरडी बी लांबचा समुद्रप्रवास सोसू शकते. आंब्याची मुलगोबा ही जात मात्र १८८९ साली भारतातून फ्लोरिडाला गेली ती कलमांच्या रूपाने.

घरी प्रयोग करायचा तर जुन्या चिंचोक्याचे टरफल एका बाजूने फरशीवर घासावे, तो रात्रभर पाण्यात भिजवावा आणि मग लावावा. मी असेच करतो. सीताफळाच्या बीला महिना-दीड महिना धीर धरावा लागतो. कोय मात्र फळ खाल्ल्यावर लगेच, ओली असतानाच मातीत गेली पाहिजे.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या बांधावर आहे. रस्ता रुंद होतो, वाटण्या होतात आणि आजोबांच्या हातचा रायवळ आंबा तोडला जातो. आठवण म्हणून कुणी चार कोयी फडताळात ठेवतो. वर्षाने त्या नुसत्या लाकडासारख्या असतात. शिवाय ताजी कोय उगवली, तरी तिचे फळ त्याच चवीचे येईल याची खात्री नसते.

तीच चव हवी असेल तर कोकणात रूढ असलेले कोय कलम करावे. पावसाळ्याच्या तोंडी कुठल्याही आंब्याच्या ताज्या कोयी लावाव्यात. कोंब तांबूस आणि कोवळा असतानाच त्यावर जुन्या झाडाची काडी बांधावी. पण काडी घ्यायला झाड उभे हवे. म्हणून मंडळी, कुऱ्हाड लावण्याआधी त्या झाडाला आणखी एक पावसाळा द्या.