तळटीप : पापणी काळी पडणे

१२. एका रात्रीत पापणी काळी पडल्याचे लेखक सांगतो, त्यात अतिशयोक्ती नाही. वर्णनावरून हा नेक्रोटायझिंग फॅसायटिस असावा. बहुतेकदा ‘अ’ गटातले स्ट्रेप्टोकॉकस जीवाणू त्वचेखालच्या आवरणात पसरतात, तिथल्या रक्तवाहिन्या बंद पडतात आणि मांस मरते. खरचटणे किंवा किडा चावणे एवढे निमित्तही पुरते. सुरुवातीला ही साधी सूज वाटते, पण वेदना सुजेच्या मानाने फारच जास्त असतात. मग त्वचा जांभळट होते, फोड येतात आणि शेवटी तिथली संवेदनाच जाते. दुखायचे थांबले म्हणून घरचे निर्धास्त होतात ते नेमके याच वेळी. गोष्टीतल्या हळदीच्या लेपाने रंग तेवढा झाकला असणार, आणि वेळ खाल्ला.

उपचार तातडीचा असतो. तपासण्यांच्या अहवालासाठी तो अडवून धरत नाहीत. शिरेतून पेनिसिलिन देतात, जोडीला जीवाणूंची विषनिर्मिती रोखणारे क्लिंडामायसिन. मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो, अनेकदा पुन्हा पुन्हा. पापण्यांना रक्तपुरवठा भरपूर असल्याने हातापायांच्या तुलनेत इथे पुष्कळ भाग वाचवता येतो. उरलेली उणीव नंतर त्वचारोपणाने भरून काढतात.

२०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात फैलावलेला म्युकरमायकोसिस हा नव्हे. तो बुरशीचा आजार. तो नाक आणि सायनसमधून डोळ्याकडे सरकतो, मधुमेह आणि स्टिरॉइड यांच्यामुळे बळावतो. त्यावर पेनिसिलिनचा उपयोग नाही. शस्त्रक्रियेबरोबर अँफोटेरिसिन-बी द्यावे लागते.
— संपा.