कळ, वर्दी आणि खिडकी

मराठीत 'कळ' हा शब्द मोठा बहुगुणी आहे. पोटात उठते ती कळ, शेजाऱ्यांत लावून द्यावयाची तीही कळच, आणि यंत्राचा जो भाग दाबताच काम सुरू होते तीही कळच. यांपैकी तिसऱ्या कळीचा इतिहास दिवाळीच्या फराळाबरोबर वाचावयास रुक्ष वाटेल. परंतु आपल्या वऱ्हाडचा कापूस, आपल्या कचेऱ्या आणि आता घरोघर आलेला संगणक या सर्वांतून तो इतिहास वाहत आलेला आहे. त्यातला खरा प्रश्न कळ दाबतो कोण हा नव्हेच. दाबलेली कळ ऐकतो कोण, हा तो प्रश्न होय.

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि गिरणीवाल्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर खिळली. १८७० साली लॉर्ड मेयोने खामगावच्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन केले. त्याच वर्षी मुंबईहून सुएझमार्गे थेट इंग्लंडपर्यंत समुद्रातून तार पोहोचली. जहाजाने आठवडेच्या आठवडे घेणारी लिव्हरपूलची बातमी आता काही तासांत येऊ लागली. अकोला-अमरावतीच्या अडत्यांचे नशीब तारऑफिसातील कट्ट-कडकट्ट आवाजाशी बांधले गेले ते तेव्हापासून.

पण तो आवाज सर्वांच्या कानी पडला, तरी बातमी सर्वांची नसे. व्यापारी पेढ्या तारखात्याकडे फी भरून आपला लहानसा 'तारेचा पत्ता' नोंदवून ठेवीत आणि तो पत्रांच्या शिरोभागी छापीत. त्या एका शब्दावर आलेली तार नेमकी त्याच पेढीच्या ओट्यावर जाऊन पडे. बातमी हवी असेल तर आधी आपले नाव नोंदवावे, हा धडा तारखात्याने व्यापाऱ्यांस असा घालून दिला. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

तारेच्या मागोमाग टंकयंत्र आले. अमेरिकेत शोल्स व त्याच्या सहकाऱ्यांना १८६८ साली त्याचे पेटंट मिळाले. आपल्याकडे गोदरेजने १९५५ साली देशी टंकयंत्र बनविले. या यंत्रात ऐकणारा वेगळा कोणी नव्हताच. कळ आणि अक्षराचा खिळा एकाच लोखंडी दांड्याला जोडलेले. बोट खाली गेले की खिळा फितीवर आदळलाच पाहिजे. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांना ही सोय छान मानवली. मराठीची मात्र ओढाताण झाली. स्वर, व्यंजने, काना-मात्रा, अर्धी अक्षरे, रफार, हा एवढा परिवार पंचेचाळीसच्या आसपास कळांत बसवावयाचा कसा? मग अक्षरांचे तुकडे करून ते कागदावर जुळवण्याची युक्ती निघाली. 'कि' लिहावयाचे तर आधी ऱ्हस्व वेलांटी उमटवावी आणि मग 'क'. उच्चारात मागाहून येणारे चिन्ह बोटांनी आधी शिकावे लागे!

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला आणि मराठी टंकलेखकांना कचेऱ्यांतून मागणी आली. अमरावती-अकोल्यातील टंकलेखनाच्या वर्गांत कितीतरी मुलामुलींनी ही उफराटी वेलांटी बोटांत मुरवली आणि तिच्या बळावर संसार उभे केले.

तो लोखंडी दांडा तुटला संगणकाने. १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. एकाच पडद्यावर अनेक 'खिडक्या' उघडण्याची कल्पना तेथे रूपास आली. एका खिडकीत पत्र, दुसरीत हिशेब, तिसरीत चित्र. परंतु खिडक्या पाच आणि कळफलक एकच! दाबलेले अक्षर कोणत्या खिडकीचे? याचे एक सुरेख उत्तर एमआयटी या प्रसिद्ध विद्यापीठात १९८४ साली सुरू झालेल्या 'एक्स' या खिडकी-व्यवस्थेने दिले. तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली निघाली आणि तीच पुढे जगभर रूढ झाली.

या व्यवस्थेत एक कारभारी असतो आणि कळफलक त्याच्या ताब्यात असतो. प्रोग्रॅमने खिडकी उघडली तरी कळांची बातमी त्याला आपोआप मिळत नाही. कोणकोणत्या वर्द्या आपणास हव्यात, याची यादी त्याने कारभाऱ्याकडे नोंदवावी लागते. त्या यादीत पहिलाच चौकोन कळ दाबल्याच्या वर्दीचा आणि दुसरा कळ सोडल्याच्या वर्दीचा आहे. चौकोनात खूण केली तर वर्दी येते. न केली तर तुम्ही दिवसभर बोटे आपटा, त्या खिडकीला पत्ता लागत नाही.

आणि न मागितलेल्या वर्दीचे काय होते? ती रीत पाहून आपल्याकडचे जुने वाडे आठवतात. खिडकीच्या पोटात लहान खिडकी, तिच्या पोटात आणखी लहान. धाकट्या खिडकीने वर्दी मागितली नसेल, तर ती तिच्या वडील खिडकीकडे जाते; तिथेही नको असेल तर आजोबांकडे. घरात कोणीच घेणारे निघाले नाही, तर कारभारी ती मुकाट्याने टाकून देतो.

आता मराठीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. ही वर्दी अक्षराची नसते. अमुक क्रमांकाची कळ दाबली गेली, त्या वेळी शिफ्टची कळ खाली होती किंवा नव्हती, एवढेच ती सांगते. त्या क्रमांकाचा अर्थ मागाहून कोष्टक पाहून लावावयाचा. एका कोष्टकात इंग्रजी 'के', दुसऱ्यात मराठी 'क'. शिफ्टसह दाबली तर 'ख'. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट ही कळमांडणी ठरविली. तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि 'कि' लिहिताना आधी 'क', मग वेलांटी, म्हणजे जसे बोलावे तसे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने तयार केलेल्या साधनांनी मराठी संगणकावर रुळली. विशेष हे की, जुन्या टंकयंत्राची मांडणीही आणखी एक कोष्टक म्हणून संगणकात घालता आली. लोखंड बदलले, पण अमरावतीच्या टंकलेखिकेच्या बोटांतील विद्या वाया गेली नाही.

परंतु जेथे मागेल त्याला वर्दी मिळते, तेथे चोरालाही मागता येते. तारमास्तराने तारेतील मजकूर फोडल्यास १८८५ च्या तार कायद्यात शिक्षा सांगितलेली होती. एक्स व्यवस्थेत मात्र दुसऱ्याच्या खिडकीवरही एखाद्या प्रोग्रॅमला आपले नाव नोंदवता येते आणि तिकडे टंकलेला परवलीचा शब्द चोरून ऐकता येतो. एकाच छपराखालचे सगळे भले लोक, या विश्वासावर ती रचना उभी होती. पुढे २००८ साली 'वेलँड' ही नवी रचना सुरू झाली. तिच्यात ज्या खिडकीकडे तुमचे लक्ष आहे, तिच्याच प्रोग्रॅमला कळांची वर्दी मिळते, शेजाऱ्याला नाही.

आपली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली आणि नोंदवलेले तारेचे पत्ते जुन्या पत्रांच्या माथ्यावर तेवढे उरले. अकोल्यातील अडत्या आता बँकेचा परवलीचा शब्द कळफलकावर टाकून कापसाचे पैसे वळते करतो. लिव्हरपूलची तार दुसऱ्या पेढीच्या हाती पडू नये, म्हणून त्याच्या पणजोबांना जी काळजी होती, तीच आज या शब्दाची आहे. आणि ती वाहण्याचे काम त्या न दिसणाऱ्या कारभाऱ्याकडे आले आहे.