असीरगडच्या डोल्या

खानदेशांतील असीरगड फारुकी सुलतानांच्या हातीं कसा गेला, याची हकीकत फेरिश्त्यानें दिली आहे. तींत वेढा नाहीं, सुरुंग नाहीं. १३९९ सालीं मलिक राजा फारुकी वारला. तापीकांठीं थाळनेर येथें त्याची कबर आहे. त्याचा थोरला मुलगा नसीरखान धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर होता. असीरगड त्या वेळीं आसा अहीर या धनवान गवळी सरदाराचा. दुष्काळांत धान्याचीं कोठारें उघडून त्यानें लोक जगविले होते. नसीरखानानें त्याला निरोप धाडला कीं, शेजारचे राजे उठले आहेत, लळिंगला धोका आहे, तरी आमच्या बायकामुलांस गडावर आसरा द्यावा. आसानें तो दिला. पहिल्या दिवशीं डोल्या आल्या त्यांत खरोखरच स्त्रिया होत्या. दुसऱ्या दिवशीं आणखी दोनशें डोल्या आल्या. आसा व त्याचे मुलगे स्वागतास सामोरे गेले, तों पडदे सरले आणि आंतून हत्यारबंद शिपाई उतरले. आसाचें कुळ बुडालें. तट जसाच्या तसा उभा राहिला. १६०१ सालीं अकबरानें घेईपर्यंत गड फारुक्यांकडे होता.

संगणकाच्या जगांत सहाशें वर्षांनीं घडलेली एक गोष्ट या डोल्यांची आठवण करून देणारी आहे. संगणकाचा सर्व कारभार जी कार्यप्रणाली पाहते, तिच्यांत साधे वापरकर्ते असतात आणि एक किल्लेदार असतो. त्यास ‘रूट’ म्हणतात. साध्या वापरकर्त्याला आपल्या फायलींपुरती मोकळीक, किल्लेदाराला सर्वत्र. परंतु स्वतःचा पासवर्ड बदलावयाचा तरी किल्लेदाराच्या दप्तरांत लिहावें लागतें. ही अडचण बेल लॅबोरेटरीजमधील डेनिस रिची यांनीं सोडविली. कांहीं निवडक प्रोग्राम कोणीही चालविले तरी किल्लेदाराच्या अधिकारानें चालावेत, अशी खूण त्यांनीं योजिली. तिला ‘सेटयूआयडी’ म्हणतात. तिचें पेटंट १९७९ सालीं मिळालें. सोय मोठी झाली. मात्र अशा प्रोग्रामच्या हातून जरा ढिलाई झाली, कीं साधा मनुष्य किल्लेदार होऊन बसतो.

लिनक्स या कार्यप्रणालींत ‘पीकेएक्झेक’ नांवाचा असाच एक प्रोग्राम २००९ च्या मे महिन्यांत आला. वापरकर्ता प्रोग्राम सुरू करतांना शब्दांची एक यादी देतो, आणि तिच्या लगत आपल्या परिस्थितीची दुसरी यादी येते. अधिकाराच्या प्रोग्रामांत शिरतांना या दुसऱ्या यादींतील धोक्याच्या नोंदी दरवाज्यावरच काढून घेतल्या जातात. पीकेएक्झेकनें मात्र असें गृहीत धरलें होतें कीं, पहिल्या यादींत निदान एक शब्द, म्हणजे प्रोग्रामचें स्वतःचें नांव, असणारच. कोणी यादी मुद्दाम रिकामी दिली, तर तो हद्द ओलांडून शेजारच्या यादींत वाची आणि तेथेंच लिहीही. अशा रीतीनें दरवाज्यावर काढून घेतलेली नोंद आंत पुन्हा उत्पन्न करतां येई, आणि तिच्या आधारें परक्याचा प्रोग्राम किल्लेदाराच्या अधिकारानें चाले.

२०१३ सालीं एका प्रोग्रामरनें रिकाम्या यादीचा हा दोष लिहूनही ठेविला होता. परंतु त्यांतून सबंध गड जाऊं शकतो, हें तेव्हां ध्यानांत आलें नाहीं. पुण्यांतही कार्यालय असलेल्या क्वॉलिस या कंपनीच्या संशोधकांनीं तें दाखवून दिलें. त्यांनीं १८ नोव्हेंबर २०२१ रोजीं संबंधितांस गुप्तपणें कळविलें; दुरुस्ती तयार झाल्यावर २५ जानेवारी २०२२ रोजीं ही गोष्ट ‘प्वनकिट’ या नांवानें जाहीर झाली. बारा वर्षांहून अधिक काळ तो दरवाजा उघडाच होता.

मग व्यवस्थापकांनीं काय करावयाचें? दुरुस्ती मिळाली तेथें ती तत्काळ बसवावयाची. न मिळाली तेथें एका आज्ञेनें पीकेएक्झेकवरील किल्लेदारीची खूण काढून टाकावयाची; कांहीं सोयी बंद पडत, पण गड राही. त्यानंतर यंत्रावर खातीं कोणाकोणाचीं आहेत, हें तपासावयाचें. कारण हा दोष बाहेरून थेट वापरतां येत नसे, त्यास आधीं आंत एक साधें खातें लागे. पहिल्या दिवसाच्या डोल्या त्या याच. जळगांवच्या वा धुळ्याच्या एखाद्या महाविद्यालयांत जेथें एकाच यंत्रावर शेंकडों विद्यार्थ्यांचीं खातीं असतील, तेथें ही पायरी प्रत्येकाला आयतीच मिळालेली असते. नोंदवह्या पाहाव्या हें खरें. परंतु मागमूस न ठेवतांही हा हल्ला करतां येई, म्हणून नोंदवही कोरी आहे एवढ्यानें निर्धास्त होऊन चालत नसे. त्याच वर्षीं लिनक्सच्या गाभ्यांतही सुधारणा झाली, आणि रिकामी यादी यापुढें कोणत्याच प्रोग्रामपर्यंत पोंचूं नये अशी तजवीज झाली.

आसानें आसरा दिला ही कांहीं त्याची चूक म्हणतां येणार नाहीं. आल्यागेल्याला आंत घेतल्यावांचून गड चालत नाहीं व संगणकही चालत नाहीं. पहिल्या दिवसाच्या डोल्या निर्दोष निघाल्या, म्हणून दुसऱ्या दिवसाच्या डोल्यांचे पडदे दरवाज्याबाहेर कोणी सारून पाहिले नाहींत. गड गेला तो एवढ्यासाठीं.