अडीच फुटाची गाडी

आमच्या घरात धान्याच्या कोठीशेजारी एक लोखंडी कपाट आहे. बायको त्याला 'इंजिनशेड' म्हणते, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाही. आत खेळण्यातली ३१ आगगाडीची इंजिनं आहेत. काही पत्र्याची, चावी देऊन पळणारी. काही सेलवरची, प्लॅस्टिकची. सात-आठ विलायती, विजेवर चालणारी, पण मोडकी. बहुतेक सगळी पुण्याच्या जुन्या बाजारातली. मार्केट यार्डात डाळिंब उतरवलं, पट्टी हातात पडली आणि वार बुधवार किंवा रविवार असला, की माझे पाय आपोआप तिकडं वळायचे. पट्टीतले पन्नास-शंभर रुपये कमी का, याचं उत्तर घरी देता देता निम्मं आयुष्य गेलं.

हे वेड लागलं ते बार्शी लाइटमुळं. आमचं रान मोडनिंबच्या बाजूला. अडीच फुटी रुळावरची ती गाडी लहानपणी आमच्या बांधाकडेनं जायची. वडील तिच्यावर मोटेची वेळ धरायचे. आषाढीला तर डबे दिसायचेच नाहीत, नुसती माणसं दिसायची. चढावर ती इतकी हळू व्हायची, की आम्ही पोरं तिच्या बरोबरीनं पळायचो आणि थोडं पुढंही जायचो.

ही गाडी आणली एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं. मुंबईहून सोलापूरकडं जाणारी मोठी लाइन बार्शीला टाळून गेली होती. कुर्डुवाडीच्या ठेसनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. बार्शीच्या पेठेतला कापूस ३५ किलोमीटर बैलगाडीनं तिथवर यायचा. कॅलथ्रॉपचा हिशेब शेतकऱ्याला लगेच पटावा असा होता. इंजिन असो, वाघीण असो, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन टाकायचं नाही. ओझं सगळ्या आसांवर सारखं वाटलं, की हलका रूळही पुरतो आणि खर्च आवाक्यात राहतो. बैलगाडी भरताना आम्ही दुसरं काय करतो? इंग्लंडात लीड्सच्या किटसन कारखान्यानं इंजिनं बनवली आणि १८९७ साली बार्शीची गाडी सुरू झाली. पंढरपूरला ती १९०६ ला पोचली, लातूरला १९११ ला आणि मिरजेला १९२७ ला. १९५४ मध्ये कंपनी जाऊन सरकारी झाली. पुढं आमच्या तुकड्याचं रुंदीकरण झालं. २००२ नंतर पंढरपूरला मोठी गाडी जाऊ लागली. सोय झाली, खोटं कशाला बोलू. पण बांधाकडेचे छोटे रूळ उपटून ट्रकात भरले त्या दिवशी मी रानात गेलो नाही.

तोवर मी इंजिनं नुसती जमवत होतो. त्यानंतर ती बदलायला लागलो.

त्यासाठी खेळण्यांचा थोडा इतिहास सांगावा लागेल. पत्र्याच्या आगगाड्या जर्मनीत आधीपासून होत्या. मेर्क्लिन कंपनीनं १८९१ ला रुळांची मापं ठरवून दिली, त्यामुळं आज घेतलेल्या गाडीला उद्या घेतलेले रूळ बसू लागले. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं, म्हणजे मेकॅनोवाल्यानं, १९२० ला चावीच्या गाड्या काढल्या. पुढं घरं लहान झाली तशा गाड्याही लहान झाल्या आणि साडेसोळा मिलिमीटरचा रूळ चालू झाला. खऱ्या विलायती रुळाची रुंदी १४३५ मिलिमीटर, तिचा हा ८७ वा भाग. पण इंग्लंडातली खरी इंजिनं अंगानं बारीक. तेवढ्या मापात मोटर मावेना. मग त्यांनी रूळ तोच ठेवला आणि इंजिनाचं अंग ७६ व्या भागाचं केलं. हॉर्नबीनं १९३८ ला काढलेल्या छोट्या गाड्या याच मापाच्या. म्हणजे अंग मोठं आणि पाय जवळजवळ. सायबाच्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच खेळवलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साडेसोळाला ४६ नं गुणलं की ७५९ येतात. आमची बार्शी लाइट ७६२ मिलिमीटरची! म्हणजे विलायती खेळण्याची चाकं तीच ठेवायची, वरचं अंग काढायचं आणि ४६ व्या भागाचं मोठं अंग चढवायचं. झाली बार्शीची गाडी. रेल्वेनं अरुंदाचं रुंद केलं, मी घरात बसून रुंदाचं अरुंद करत होतो.

बॉयलरला पंचवीसची पीव्हीसी नळी, गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा, धुरांड्याला ठिबकचा तुकडा, वाफेच्या घुमटाला शर्टाचं बटण. पत्रा कापताना बोटं कापली, डाग देताना टेबल जळालं. दोन पावसाळे गेले, पण इंजिन उभं राहिलं.

ते घेऊन मी कुर्डुवाडीला मामांकडं गेलो. मामा बार्शी लाइटवर फायरमन होते. आता डोळ्यांनी अधू झालेले. इंजिन मांडीवर घेऊन त्यांनी बोटांनी चाचपलं. धुरांडं, घुमट, केबिन. मग बोट चाकांवर थांबलं.

"सहाच?"

"खेळण्याला सहाच असतात, मामा."

"आरं, आपल्याला जोडचाकं आठ. पुढं दोन ल्हान, मागं दोन ल्हान, मदी आठ. पाच टनाचा हिशेब कसा बसंल मग?"

इंजिन त्यांनी परत दिलं नाही, बाजूला ठेवलं. ते मला जास्त लागलं.

घरी येऊन मी दोन मोडक्या इंजिनांचे साठे कापून जोडले आणि आठ चाकं केली. सरळ रुळावर ते छान गेलं. वळणावर मात्र दरवेळी खाली. महिनाभर तेच. शेवटी पुन्हा कुर्डुवाडी. या वेळी मामांनी आधी चाकं मोजली आणि मग माझं ऐकलं.

"मदल्या चाकांची कड घासून टाक. लांब इंजनाला वळणावर तसंच करत्यात. कडंची चाकं वाट धरत्यात, मदली नुसती वजन धरत्यात."

विलायतेतही कॅलथ्रॉपनं डोंगरातल्या एका खोऱ्यात बार्शीसारखीच अडीच फुटी गाडी केली होती, लीक आणि मॅनिफोल्डची. इंजिनं किटसनचीच, आणि तोंडावर आपल्याकडच्यासारखा मोठा दिवा. १९०४ ला सुरू झाली, १९३४ ला बंद पडली. तिची दोन्ही इंजिनं भंगारात गेली. आता ती दिसतात फक्त हौशी लोकांच्या छोट्या प्रतिकृतींत. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग तिकडं बी कुणीतरी बोटं कापून घेतली म्हनायची."

कानशीनं मधल्या चार चाकांची कड घासायला दोन रात्री लागल्या. कुर्डुवाडीला मामांच्या पडवीत गोल रूळ मांडला, वीज दिली. इंजिन वळणात शिरलं आणि बाहेर निघालं. मामा मान वाकडी करून आवाज ऐकत होते.

"चढ कर," ते म्हणाले. "उशी घाल खाली."

मी आतून उशी आणायला उठलो.