दोन पंचांगांमधले बालपण

मराठी वाङ्मयात बालपणाच्या आठवणींचा प्रदेश फार मोठा आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'तून कोकणातले गाव घरोघर पोहोचले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'ने (१९४९) दुष्काळी मुलखाला चेहरे दिले. आनंद यादवांच्या 'झोंबी'ने (१९८७) कागलच्या मळ्यात राबणारे, शिक्षणासाठी झगडणारे पोर उभे केले, तर प्रकाश नारायण संतांच्या लंपनने सीमेवरच्या कानडी-मराठी गावाची बोली आपल्या कानांत रुजवली. या सर्व पुस्तकांतील गावे नकाशावर मांडत गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. कोकण, देश, मराठवाडा, विदर्भ असे करीत हा नकाशा पूर्वेला भंडारा-गोंदियापर्यंत कसाबसा जातो आणि तेथे थांबतो. त्या सीमेपलीकडेही दोन-अडीचशे वर्षे मराठी बोलणारी माणसे राहत आली, त्यांचीही मुले खेडेगावांत वाढली. परंतु त्या बालपणाला मराठी पुस्तक लाभले नाही. असे का व्हावे, याचा विचार मी माझ्या स्वतःच्या उदाहरणावरून येथे करणार आहे.

मराठी आत्मचरित्राने या मुलखात पाऊल ठेवलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता आगगाडीच्या डब्यात त्यांना एक ख्रिस्ती सहप्रवासी भेटला आणि त्याने त्यांना नवा करार वाचायला दिला. टिळकांच्या धर्मांतराची कथा या प्रवासापासून सुरू होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त राजनांदगावच्या संसाराचीही हकीकत आहे. म्हणजे मराठीतील एका श्रेष्ठ आत्मचरित्राची वाट दुर्गपासून अवघ्या तीस किलोमीटरवर असलेल्या या संस्थानी गावातून गेलेली आहे. ती वाट तेथून मागे फिरली, एवढेच.

या प्रदेशातील मराठी वस्तीचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. १७४१ मध्ये भास्कर पंतांच्या स्वारीने रतनपूरचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. पुढे बिंबाजी भोसल्यांनी १७८७ पर्यंत, आपल्या मृत्यूपर्यंत, रतनपुरात राहून कारभार केला आणि त्या कारभारासोबत मराठी भाषा व मोडी लिपी छत्तीसगडच्या दप्तरात शिरली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी नागपूर आणि छत्तीसगड एकाच मध्य प्रांतात राहिले. १८८० च्या दशकात लोहमार्ग आला, कापडाची गिरणी आली, १९०६ मध्ये दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. रेल्वेतील बाबू, वकील, मास्तर, मालगुजारांच्या वाड्यांवरचे दिवाणजी अशी मराठी घरे या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना वसत गेली. माझे पणजोबा भंडाऱ्याकडून आले, ते अशाच एका वाड्यावर हिशेब लिहायला. शिवनाथ नदीच्या काठी त्यांनी थोडी जमीन केली. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, वाडा ओस पडला. आमचे घर मात्र त्या गावी राहिले. माझा जन्म १९५८ चा. आज मी जेथे राहतो ते पद्मनाभपूर म्हणजे दुर्ग आणि भिलाई ही दोन गावे एकमेकांत मिसळतात त्या परिसरातली वसाहत. पण माझ्या आठवणींचा पत्ता तो नदीकाठच्या घराचाच आहे.

त्या घरात पंचांग नागपूरचे येई. आमचा महिना अमावास्येला संपे, गावाचा पौर्णिमेला. यामुळे शुक्ल पक्षात घराचा आणि गावाचा महिना एकच असे, कृष्ण पक्ष लागला की दोन्हींची नावे वेगळी होत. आई ज्या दिवशी आषाढी अमावास्या म्हणून समया, निरांजने घासूनपुसून पाटावर मांडी आणि कणकेचे गोड दिवे उकडी, त्याच दिवशी गावात सावन महिन्याची अमावास्या, म्हणजे हरेली असे. नांगर, कुदळी धुऊन पुजल्या जात, दारांत कडुलिंबाच्या डहाळ्या खोचल्या जात आणि पोरे बांबूच्या गेंड्यांवर चढून चिखलातून ठकठक चालत. मी दिव्याला नमस्कार करून गेंडीवर चढे. एका महिन्याने पोळा येई. तो आम्हाला श्रावणात, मित्रांना भादव्यात. नागपूरच्या नातेवाइकांकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल निघत; आमच्या गावी कुंभार मातीचा, चाकांवर पळणारा 'नांदिया बइला' देई आणि मुलींसाठी मातीचे जाते आणि चिमुकली भांडी करी. पौषी पौर्णिमेला मात्र दोन्ही पंचांगांचे एकमत होई. त्या दिवशी छेरछेरा. आम्ही सारी मुले टोपल्या घेऊन दारोदार नव्या धानाचा वाटा मागत फिरत असू. घरी त्याच तिथीला शाकंभरी पौर्णिमा असे. पण त्या दिवशी मी कोणत्या घरचा आहे, हे मला कोणी विचारीत नसे.

शाळा हिंदीची होती. गुरुजी वर्गात हिंदी आणि वर्गाबाहेर छत्तीसगढी बोलत. मराठी अक्षरओळख मला झाली ती आजीच्या पोस्टकार्डांमुळे. ती मजकूर सांगे आणि मी भंडाऱ्याच्या नातलगांना तो लिहून धाडी. लिपी एकच असल्यामुळे काम अडत नसे; परंतु 'ळ' हे अक्षर माझ्या शाळेच्या वर्णमालेत नव्हते. आजीचा 'फळा', 'मळा', 'सकाळ' माझ्या हातून 'फला', 'मला', 'सकाल' होऊन जात. एकदा भंडाऱ्याहून उत्तर आले, त्यात माझ्या शुद्धलेखनावर चार ओळींची थट्टा होती. आजीने ते कार्ड वाचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पाटीवर एकच अक्षर काढून मला वीस वेळा गिरवायला लावले. तिला स्वतःला लिहिता फारसे येत नव्हते. ते अक्षर तेवढे तिने शेजारच्या मास्तरीणबाईंकडून शिकून घेतले होते.

या लहानशा गोष्टीत माझ्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर आहे. भाषा घरात राहिली आणि अक्षर शाळेकडे गेले, की आठवण बोलली जाते, लिहिली जात नाही. ज्यांनी लिहिले त्यांनी शाळेच्या भाषेत लिहिले, आणि ते उत्तम लिहिले. मराठीभाषक कुटुंबात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी रामराव चिंचोलकरांसह १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' काढले ते हिंदीत. 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य'ही त्यांनी हिंदीत नेले. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात आले. त्यांच्या घरची भाषा मराठी, आणि ते हिंदीतील युगप्रवर्तक कवी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहिते झाले. माळव्यातल्या मराठी कुटुंबातील मुलाची जडणघडण त्यांच्या 'क्षिप्रा'पासूनच्या कादंबऱ्यांत आली आहे. एकाच घरातल्या दोन भावांनी दोन वाङ्मयांचे ऋण फेडले. माळव्याला असे पुस्तक मिळाले, छत्तीसगडला मिळाले नाही.

त्यात १९५६ चे वर्ष आले. तोवर नागपूर ही आमचीही राजधानी होती आणि त्या प्रांताच्या कारभारात हिंदीबरोबर मराठीलाही स्थान होते. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. २००० मध्ये छत्तीसगड राज्य झाले, तोपर्यंत घरांतून मराठी वाचणारी दुसरी पिढीही विरळ झाली होती. याच काळात भिलाई उभी राहिली. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. सुपेला, कोहका, खुर्सीपार, रिसाली ही खेड्यांची नावे शहराच्या वस्त्यांची नावे झाली. देशभरातून माणसे आली, त्यांत महाराष्ट्रातूनही आली. रायपूर, दुर्ग, भिलाई येथील महाराष्ट्र मंडळांत गणेशोत्सव होत राहिले, नाटके होत राहिली. पण नव्याने आलेल्यांच्या बालपणाचे गाव मागे महाराष्ट्रात होते. आमचे गाव येथेच होते आणि त्याच्याविषयी मराठीत बोलायला माणूस उरला नव्हता.

येथपर्यंत लिहून थांबलो असतो, तर हा लेख हरवलेल्या गोडव्याची एक तक्रार ठरला असता. पण बालपणाची आठवण जितकी प्रिय, तितकीच तिची साक्ष तपासून घ्यावी लागते. आमच्या घरी सालभराच्या कराराने राबणारा एक कमिया होता. परसदाराच्या कोनाड्यात त्याचा जर्मनचा पेला पालथा घातलेला असे. आजी त्यात वरून चहा ओती. पिऊन झाल्यावर तो स्वतः पेला विसळून जागेवर ठेवी. मला तो पेला त्याच्या मानाचा वाटे. घरात ज्याची वस्तू ठरलेली, तो घरचा, अशी माझी समजूत होती. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले तेव्हा मी नागपुरात शिकत होतो. ते पुस्तक वाचताना मध्यरात्री मला तो कोनाडा आठवला आणि पुढले पान उलटवेना. नंतर लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आले. या आत्मकथनांनी मराठी वाङ्मयात काय केले, याची चर्चा समीक्षेत पुष्कळ झाली आहे. माझ्यापुरते सांगायचे तर त्यांनी माझीच एक आठवण मला पुन्हा वाचायला लावली. हरेलीची गेंडी खरी होती, तसा तो पेलाही खरा होता.

काही वर्षांनी त्या कमियाचा मुलगा भेटला. तो माझ्याच वयाचा; पोलाद कारखान्यात नोकरी करून निवृत्त होण्याच्या बेतात होता. आमच्या घरातले तुला काय आठवते, असे मी त्याला छत्तीसगढीतच विचारले. तो जरा वेळ थांबून म्हणाला, की परसदारातले पेरूचे झाड आठवते आणि मागचे दार आठवते. पुढून घर कसे दिसे, ते ठाऊक नाही. छेरछेऱ्याला टोपली घेऊन तोही आमच्याबरोबर फिरत असे. त्याच्या टोपलीत धान मागच्या दाराने पडत होते, हे मी पाहिलेले असणार. मला ते आठवत नाही.

त्या गावाचे बालपण लिहायचे तर माझी आठवण अर्धीच पुरते. पोस्टकार्डावरचा 'ळ', पाटावरचे दिवे आणि घरातली मराठी माझ्याकडे आहे. मागचे दार त्याच्याकडे आहे, आणि ते छत्तीसगढीत आहे. मराठी पुस्तकाची जी उणीव मी आरंभी सांगितली, ती भरून निघावी असे मला मनापासून वाटते. आमच्या पिढीनंतर ती भरून काढणारे कोणी असेल, असे दिसत नाही. मात्र ते पुस्तक लिहिणाऱ्याने घरातले पंचांग जितक्या मायेने उघडावे, तितक्याच धीराने गावातले पंचांगही उघडावे, आणि दोन्हींत ज्या पक्षाची नावे जुळत नाहीत तो पक्ष गाळू नये. मी सध्या एक वही केली आहे. डाव्या पानावर माझे लिहितो. उजवे पान त्याच्यासाठी कोरे ठेवले आहे. महिन्यातून एकदा तो पद्मनाभपुरात येतो, पुढल्या दाराने येतो, आणि सांगतो तसे मी उतरवून घेतो.