वाटाण्याचं रोप, शेताचा तुकडा आणि दोन रुपये

आपल्याकडच्या सिनेमाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चांगलं पिच एका वाटाण्याच्या रोपाने केलं. पिच म्हणजे काय, तर अजून न बनलेली फिल्म पैसेवाल्या माणसाला पटवून देणं. 1912 साली दादासाहेब फाळके नेमके याच अडचणीत होते. विमा पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला जाऊन आले होते, तंत्र शिकले होते, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला होता. आता 'राजा हरिश्चंद्र' काढायला पैसे हवे होते. पण सिनेमा हा धंदा आहे, हेच इथल्या सावकाराला माहीत नव्हतं. मग तो पैसे कशावर देणार?

फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी फिल्म खर्चून त्याचं चित्रण केलं. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसू लागली. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढतो. ही छोटी फिल्म त्यांनी निवडक लोकांना दाखवली आणि त्यानंतर कर्ज मिळालं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे याला डेमो म्हणतात. क्लायंटला पन्नास स्लाइड दाखवण्यापेक्षा चालणारी एक स्क्रीन दाखवा, असं पहिल्याच वर्षी शिकवतात. फाळक्यांच्या डेमोत तीन गोष्टी एकदम सिद्ध झाल्या: यंत्र चालतं, माणसाला ते चालवता येतं, आणि लोक बघत राहतात. पैसे देणाऱ्याची भीती एवढीच असते. ती कमी करणं म्हणजे पिच.

पण ही गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धीच सांगितली असं होईल. ते कर्जसुद्धा तारणावरच मिळालं. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. दादरच्या घरात सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्याच करत, आणि फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामंही त्यांनी शिकून घेतली. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा त्या बजेटमध्ये न मोजलेली सगळ्यात मोठी रक्कम सरस्वतीबाईंच्या श्रमाची होती. आजही कमी बजेटची फिल्म म्हणजे बऱ्याचदा कुणाचा तरी पगार कागदावर न लिहिलेली फिल्म असते.

पुढे कंपनी वाढवायला फाळक्यांना भागीदार घ्यावे लागले. 1918 मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. थोड्याच काळात भागीदारांशी मतभेद झाले, फाळके कंपनी सोडून काशीला गेले आणि काही वर्षांनी परत आले. कर्ज घेतलं तर घर जातं, भागीदार घेतला तर निर्णय जातात. सिनेमाच्या पैशाचा हा पेच शंभर वर्षांपूर्वीच आपल्याकडे पुरता उघड झाला होता.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच कॅमेरा तयार केला आणि तानीबाई कागलकरांच्या पैशाच्या आधारावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. 1925 मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' काढला. सावकाराच्या कागदापायी जमीन गेलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट होती आणि शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. चारच वर्षांनी, 1929 मध्ये, शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर त्या कंपनीतून बाहेर पडले. चौघांकडे हुन्नर होता, भांडवल नव्हतं. पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी पेशाने सराफ होते. त्यांच्या पैशावर प्रभात उभी राहिली. चौघांनी आधी दुसऱ्याच्या कंपनीत काम करून हात तयार केला होता, हेच त्यांचं पिच.

आता आपल्या भागाकडे या. 'ख्वाडा'साठी भाऊराव कऱ्हाडे यांनी शेतजमीन विकली, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. फिल्मला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला आणि 2015 मध्ये ती थिएटरात लागली. म्हणजे जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्यावर सिनेमा निघाला, आणि नव्वद वर्षांनी सिनेमासाठी शेतकऱ्याच्या पोराने जमीन काढली. 'ख्वाडा'चं यश खरं आहे. पण जमीन विकून काढलेल्या आणि कुठेच न लागलेल्या फिल्मची मुलाखत कुणी घेत नाही, हेही तितकंच खरं. धाराशिवसारख्या दुष्काळी जिल्ह्यात सात-बारा हा घरातला शेवटचा विमा असतो. तो कॅमेऱ्याच्या भाड्यात घालवण्याआधी दुसरी वाट आहे का, हे बघायलाच हवं.

एक वाट करमाळा तालुक्यातल्या जेऊरची आहे. नागराज मंजुळे यांनी 'फँड्री'च्या आधी 'पिस्तुल्या' ही छोटी फिल्म केली. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री'साठी निर्मात्यासमोर बसताना त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी होतं. हाही वाटाण्याचाच प्रयोग. 'फँड्री'तला जब्याही कुठल्या एजन्सीतून आला नाही. तो त्याच परिसरात हलगी वाजवणारा मुलगा होता.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारच्या बार्शीची. अमर देवकर यांच्या 'म्होरक्या'ला 2018 मध्ये सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. थिएटरात ती फिल्म आली 2020 च्या फेब्रुवारीत. पुरस्कार हातात असूनही मध्ये जवळपास दोन वर्षं गेली. म्हणून पिच करताना 'बनवायला किती लागतील' एवढंच सांगून भागत नाही. 'लोकांपर्यंत पोचवायला किती लागतील' हा आकडाही पहिल्या दिवसापासून त्यात हवा. सरकारी अनुदानाचंही तसंच आहे. मराठी चित्रपटाला ते फिल्म पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन मिळतं. सुरुवातीच्या दिवशी ते खिशात नसतं.

तिसरी वाट मला सगळ्यात आपली वाटते. 1976 चा श्याम बेनेगल यांचा 'मंथन'. पटकथा विजय तेंडुलकरांची. निर्माते कोण? गुजरातमधले पाच लाख दूध उत्पादक शेतकरी. प्रत्येकाने दुधाच्या पैशातून दोन रुपये दिले आणि दहा लाख जमले. हेच शेतकरी पुढे ट्रक भरभरून सिनेमा बघायला आले. भांडवल आणि प्रेक्षक एकाच यादीत होते. फिल्म पडली असती तरी कुणाचं घर गेलं नसतं, प्रत्येकाचे दोनच रुपये गेले असते.

भूम-परंड्याकडे दूध आणि खव्यावर घरं चालतात. गावोगावी दूध संस्था, पतसंस्था, बचत गट आहेत. गोंधळाची सुपारी देताना, जत्रेची वर्गणी काढताना आपण कार्यक्रमासाठी सगळ्यांनी मिळून पैसे उभे करतो आणि त्याचा हिशोब मंदिराच्या भिंतीवर लावतो. सिनेमाला ही पद्धत चालणार नाही असं कुणी ठरवलं?

आज गोव्यात एनएफडीसीचा फिल्म बाजार भरतो. 2007 पासून तिथे नवे लोक देशी-परदेशी निर्मात्यांसमोर प्रकल्प मांडतात. तिथे जायचं तर तयारी लागते: दोन ओळींत गोष्ट, एका पानात सारांश, दिवसागणिक शूटिंगचं वेळापत्रक, आणि जेवण, गाडी, मजुरी धरलेलं खरं बजेट. हे सगळं धाराशिवात बसून, फोनवर लिहिता येतं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

त्याआधी मात्र तीन मिनिटांची फिल्म करा. येरमाळ्याच्या यात्रेतला एक तास, नळदुर्गच्या किल्ल्यातला एक प्रसंग, खव्याच्या भट्टीवरची एक पहाट. त्यात काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि त्याला दिलेले पैसे वहीत लिहा, आईने केलेला स्वयंपाकसुद्धा. ती फिल्म दहा अनोळखी लोकांना दाखवा आणि ते कुठे उठून जातात ते बघा. त्यानंतरच पैसे मागा, आणि मागताना एका माणसाकडे दोन लाख मागण्याऐवजी दोनशे माणसांकडे हजार-हजार मागून बघा. सात-बारा कपाटातच राहू द्या.