प्रस्थानापूर्वीचे पुनर्वाचन : ‘माझा प्रवास’ आणि त्याच्या दोन संहिता

सुटीत उत्तरेकडे सहलीस निघणारा मराठी वाचक झाशीचा किल्ला पाहण्यापूर्वी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ पुन्हा उघडतो, तेव्हा तो केवळ स्थळदर्शनाची पूर्वतयारी करीत असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या ग्रंथाचा इतिहास पाहता ती अपुरी ठरते. वाचकाच्या हाती कोणती संहिता पडते, यावर त्याला कोणती झाशी दिसणार हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

मूळ प्रवास सहलीचा नव्हता. पेणनजीकच्या वरसई गावचे गोडसे हे गरीब भिक्षुक. बायजाबाई शिंदे यांनी योजलेल्या यज्ञात दक्षिणा मिळेल व घरचे कर्ज फिटेल, या आशेने ते १८५७ साली चुलते रामभट यांच्यासमवेत निघाले. वाटेतच त्यांची गाठ बंडाशी पडली. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोज याने झाशीस वेढा घालून शहर घेतले, तेव्हा ते तेथेच होते. पुढे काळपी, अयोध्या, काशी असे भ्रमण करीत आणि वेळोवेळी लुटले जात ते अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. तीर्थयात्रा, अर्थार्जन आणि पलायन यांची येथे अशी सरमिसळ झाली आहे की, ‘प्रवासवर्णन’ ही आधुनिक संज्ञा या लेखनास पुरती लागू पडत नाही.

शिवाय हा वृत्तान्त वाटचालीत लिहिलेला नाही. चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून गोडसे यांनी तो सुमारे पाव शतकानंतर लिहिला. म्हणजे हे लेखन स्वतःच एका जुन्या प्रवासाकडे पुन्हा वळून पाहणे आहे. त्यात प्रत्यक्षदर्शीची साक्ष आहे, तशीच वृद्धत्वाकडे झुकलेल्या स्मृतीची निवडही आहे. वैद्यांनी १९०७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तो मात्र भाषा आवरून, काही मजकूर गाळून आणि इतिहासाची जोड देऊन. बोलीच्या वळणाची मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ साली प्रकाशात आली. मधली जवळजवळ सहा दशके मराठी वाचकाने जो प्रवास वाचला, तो गोडसे यांचा होता, तितकाच वैद्यांचाही होता.

तौलनिक अभ्यासात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. अमृतलाल नागर यांच्या हिंदी अनुवादाने हा ग्रंथ मराठीबाहेर गेला. २०११ नंतर त्याचे इंग्रजी अनुवादही झाले. प्रत्येक अनुवादाच्या मुळाशी कोणती संहिता आहे, हे न पाहता काढलेले निष्कर्ष डळमळीत राहतात. शीर्षकांतील फरकही बोलका आहे. मराठीत तो एका भिक्षुकाचा ‘प्रवास’ आहे. हिंदीत तो ‘आँखों देखा ग़दर’ होतो. प्रवासी मागे सरतो आणि घटना पुढे येते.

झाशीच्या पाडावानंतरची लूट आणि कत्तल सांगताना गोडसे राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाबद्दलही हळहळतात. अपरिग्रही नसलेल्या, पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या या भिक्षुकाला पोथ्यांचे मोल ठाऊक होते. आजचा पर्यटक तट, बुरूज आणि तोफा पाहतो. तो ग्रंथसंग्रह दाखवता येण्याजोगा उरलेला नाही. त्याची आठवण मजकुरातच शिल्लक आहे.

म्हणूनच निघण्यापूर्वीच्या वाचनाने स्थळ परिचित होते, एवढेच म्हणून भागत नाही. तेथे काय नाही, हेही त्यातून कळते. ही जाणीव देण्याचे सामर्थ्य मार्गदर्शक पुस्तिकेत नसते. जुन्या प्रवासलेखनात ते असते. मात्र त्यासाठी वाचकाने बरोबर घेतलेले पुस्तक कोणाच्या हातून आले आहे, हे आधी विचारले पाहिजे.